पाळीतलं पोटदुखणं आणि व्यायाम: कोणता, किती आणि पहिल्या दिवशी कसा?

गवतफूल

पाळीत पोट दुखतं म्हटलं की सल्ला ठरलेला: व्यायाम कर, बरं वाटेल. कोणता, किती वेळ, महिन्याच्या कुठल्या दिवसांत, हे विचारलं की सगळे गप्प. मग होतं असं की एरवी जिनाही टाळणारी मुलगी ऐन कळा येत असताना वीस उड्या मारते, मळमळून बाथरूम गाठते आणि व्यायामाला कायमचा रामराम ठोकते.

आधी दुखतं का, ते थोडक्यात. बीज सुटलेल्या चक्रात पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन घसरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि त्याच्या रक्तवाहिन्याही आकसतात. दुखऱ्या पाळीत आतला दाब १५० मि.मी. पाऱ्याच्या वरही जातो, म्हणजे धमनीतल्या दाबापेक्षा जास्त. तेवढा वेळ स्नायूला रक्तच पोचत नाही, आणि तीच कळ. आतड्यावरही या रसायनाचा असर होतो, म्हणून सोबत जुलाब, मळमळ. त्यातलं बहुतेक पहिल्या ४८ तासांत बाहेर पडतं, म्हणून तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा माणसात येते.

माझं मत असं की हालचालीने रक्तपुरवठा सुधारतो, म्हणून पहिल्या दिवशी व्यायाम मुळीच सोडू नये. जाणकारांना तीन प्रश्न:
१. व्यायाम दुखत असताना करायचा की महिनाभर?
२. चालणं, ताण देणं, आसनं, वजनं यांत डावं-उजवं आहे का?
३. कुठल्या दुखण्यात व्यायामाच्या भरवशावर राहू नये?

खारूताई

वाचनखूण साठवली. उड्या मारणाऱ्या मुलीला ओळखते, नाव सांगणार नाही.

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मताच्या उलट जातंय, गवतफूल.

कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) हिचा २०१९चा आढावा या विषयावरच आहे. एकूण १२ चाचण्या, त्यातल्या १० चाचण्यांमधल्या ७५४ स्त्रियांचे आकडे एकत्र केले. व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, १०० मि.मी.च्या पट्टीवर सुमारे २५ मि.मी.ने कमी भरलं. रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणजे साधारण १० मि.मी. धरतात, त्यामुळे २५ हा मोठा आकडा आहे. डोस होता दर वेळी ४५ ते ६० मिनिटं, आठवड्यातून तीनदा किंवा जास्त. जोर किती लावला यानं फारसा फरक पडला नाही. ताण देण्याचे व्यायामही चालले, घाम काढणारेही चालले.

आता कळीची गोष्ट. यातल्या बहुतेक चाचण्यांत व्यायाम महिनाभर नियमित होता. आणि काही चाचण्यांत तर बायकांना रक्तस्राव चालू असताना व्यायाम करू नका असंच सांगितलेलं होतं. तरी गुण आला. म्हणजे जो फरक मोजला गेला तो मुख्यतः महिनाभराच्या नियमित व्यायामाचा. पहिल्या दिवशीच्या वीस उड्यांचा नव्हे.

तिरपा डोळा

त्याच आढाव्यात पुराव्याचा दर्जा कमी आहे असंही लिहिलंय, ते राहिलं का पट्टीवर मोजायचं?

गोळीच्या चाचणीत साखरेची खोटी गोळी देता येते. खोटं चालणं कसं देणार? आपण व्यायाम केला हे त्या बाईला माहीत असतं, आणि 'दुखणं किती' हेही तीच सांगते. नुसत्या अपेक्षेनेही आकडा खाली येतो. शिवाय भाग घेणाऱ्या बहुतेक जणी पंचविशीच्या आतल्या, आणि दुसरा कुठला आजार नसलेल्या. चाळिशीतल्या बाईला हाच २५चा आकडा लावू नये.

मोजपट्टी

दोन्ही मुद्दे मान्य. तरी व्यायामाचे बाकीचे फायदे कुणी नाकारत नाही आणि तोटा जवळपास शून्य. अशा ठिकाणी कच्च्या पुराव्यावरही करून बघायला हरकत नसते. शस्त्रक्रियेचा सल्ला असता तर मी तुमच्या बाजूने बसलो असतो.

सांधेदुरुस्ती

मोजपट्टी यांनी डोस सांगितला, तो रोजच्या जगण्यात बसवायचा कसा ते लिहिते.

आठवड्यातून तीन दिवस, शक्यतो एकाआड एक. ४५ मिनिटांतली पहिली ५ सावकाश, मधली ३५ भरभर, शेवटची ५ पुन्हा सावकाश. 'भरभर' म्हणजे किती? वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग. गाणं म्हणता आलं तर हळू चालताय, दोन शब्दांवर धाप लागली तर जास्त होतंय. तीनदा ४५ म्हणजे १३५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना मध्यम व्यायामाची आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे अजून एक पंधरा मिनिटांचा फेरा टाकला की तोही हिशेब मिटतो.

अजिबात सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं आणि मग दर आठवड्याला ५ वाढवा. सातव्या आठवड्यात ४५वर पोचता. इथेच बहुतेक जणी फसतात: पहिल्याच दिवशी ४५, चौथ्या दिवशी नडग्या दुखतात, दहाव्या दिवशी बूट कपाटात. आणि पहिल्या पाळीत फरक दिसला नाही म्हणून सोडून देतात. निदान दोन-तीन चक्रं, म्हणजे ८ ते १२ आठवडे, दिल्याशिवाय निकाल लावू नका.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात तोच वेग जड वाटेल. बीज सुटल्यानंतर शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढलेलं असतं आणि नाडीही थोडी वाढलेली असते. त्या आठवड्यात वेग कमी करा, मिनिटं कमी करू नका.

चालण्यानंतर, स्नायू गरम असताना, हे तीन ताण:

खुब्याच्या पुढचा भाग: एक गुडघा जमिनीवर (खाली जाड घडी घाला), दुसरा पाय पुढे काटकोनात. आधी नितंब आवळा, मग कंबर दोन बोटं पुढे सरकवा. बहुतेक जणी नितंब न आवळता पुढे झुकतात, मग ताण खुब्यात न येता कमरेच्या मणक्यात जातो आणि पाळीतली कंबरदुखी उलट वाढते.

मांडीची आतली बाजू: बसून तळवे जुळवा, टाचा अंगाकडे, पाठ भिंतीला. गुडघे हाताने दाबू नका, आपल्या वजनाने खाली येऊ द्यात. गुडघे फारच वर राहत असतील तर ढुंगणाखाली उशी घ्या.

कंबर: पाठीवर झोपून दोन्ही गुडघे छातीशी. मान उचलायची नाही.

प्रत्येक ताण ३० सेकंद, तीनदा. बरगडीत श्वास अडकला की समजा जोर जास्त झाला.

खारूताई

गाण्याची चाचणी बेसूर माणसांना लागू आहे का?

सांधेदुरुस्ती

धाप मोजायची आहे, सूर नाही. शेजारच्याला त्रास होईपर्यंत गाता आलं म्हणजे वेग कमीच आहे.

वाऱ्यावरची

भिंतीचा व्यायाम कसा सुटला यातून? बिलिग नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९४० च्या दशकात खास पाळीच्या दुखण्यासाठी तो सांगितला होता आणि आजही शिकवतात.

भिंतीला बाजू करून उभं राहायचं, पावलं जुळलेली, भिंतीपासून कोपर ते पंजा एवढ्या अंतरावर. भिंतीकडचा हात खांद्याच्या उंचीवर आडवा, कोपरापासून तळव्यापर्यंत पूर्ण टेकवलेला. दुसऱ्या हाताचा तळवा खुब्याच्या मागच्या खळग्यात. गुडघे ताठ ठेवून, नितंब आवळून कंबर आधी पुढे आणि मग भिंतीकडे ढकलायची. हळू परत. प्रत्येक बाजूला तीनदा, दिवसातून तीन वेळा. मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत आणि बूटही लागत नाहीत.

त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, स्टॅनफर्डमधल्या डॉ. क्लीलिया मोशर यांनी श्वासाचा व्यायाम सांगितला होता. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवलेले, कपडे सैल, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट जितकं वर येईल तितकं येऊ द्यायचं, सोडताना सावकाश आत ओढायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पाळीत बायकांनी अंथरुणात पडून राहावं असं डॉक्टरच सांगत होते त्या काळातली ही गोष्ट आहे.

तिरपा डोळा

बिलिग यांची उपपत्ती अशी होती की बसण्या-उभं राहण्याच्या चुकीच्या सवयींमुळे कमरेभोवतालचे पट्टे आखडतात, नसा दाबल्या जातात आणि म्हणून पाळीत दुखतं. प्रोस्टाग्लँडिनचा उलगडा नंतर झाला आणि ती उपपत्ती मागे पडली. व्यायाम मात्र टिकून राहिला.

वाऱ्यावरची

कारण चुकलं म्हणून व्यायाम चुकत नाही. त्याने खुबा आणि बाजूचे स्नायू सैल होतात, जे कळांच्या वेळी आपण नकळत आवळून धरतो. सिद्धांत पदरात पडला नाही तरी ताण पडतो.

तिरपा डोळा

हे वाक्य आवडलं. तरीही डोळा तिरपाच.

सूर्यनमस्कारी

आसनांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फक्त तीन आसनं घेतली होती: भुजंगासन, मार्जारासन आणि मत्स्यासन. ती करायची होती पाळीत नव्हे, तर चक्राच्या उत्तरार्धात, म्हणजे बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंत. दुखण्याची तीव्रता आणि किती वेळ दुखतं, दोन्ही कमी झालं. मोजपट्टी यांच्या मुद्द्याला पुष्टीच आहे ही.

करताना काय चुकतं ते सांगतो. भुजंगासनात हातांनी ढकलून वर जातात. मग सगळा बाक कमरेच्या खालच्या दोन मणक्यांत येतो. हात उचलून बघा, छाती जितकी वर राहील तेवढीच तुमची उंची. मार्जारासनात मान हलते आणि कंबर तशीच राहते. हालचाल माकडहाडापासून सुरू करा. श्वास घेताना पोट खाली, सोडताना पाठ वर, असे १० फेरे, प्रत्येकाला ६ ते ८ सेकंद. मत्स्यासनात वजन कोपरांवर, डोक्यावर नाही. मानेचा त्रास असेल तर पाठीखाली लोड घेऊन तेच करा.

पाळीत शीर्षासन, सर्वांगासन करू नये. रक्त उलटं फिरतं आणि गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार होतो.

तिरपा डोळा

शेवटचा परिच्छेद सोडून अनुमोदन.

पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून पोटात जाणं हे बहुसंख्य स्त्रियांत होतंच, उताणी झोपली काय, उभी राहिली काय. त्यातल्या थोड्यांनाच तुम्ही म्हणता तो आजार, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, होतो. आसनांमुळे तो होतो असा पुरावा नाही. गर्भाशय काही उलटी केलेली बाटली नाही. रक्त बाहेर येतं ते स्नायूच्या आकुंचनाने, नुसत्या गुरुत्वाकर्षणाने नव्हे. तसं असतं तर अंतराळवीर स्त्रियांची पंचाईत झाली असती. त्यांची पाळी तिथेही नेहमीसारखीच येते.

सूर्यनमस्कारी

पुराव्याचं मान्य. परंपरेने सांगितलंय म्हणून लिहिलं. पण मळमळतंय, डोकं हलकं झालंय, अशा दिवशी डोक्यावर उभं राहू नये एवढं तरी मान्य कराल?

तिरपा डोळा

मी कुठल्याच दिवशी राहत नाही.

रात्रपाळी

पहिल्या दिवसाबद्दल वैद्यकीय बाजू लिहिते. (आयडीवरच्या कोट्या करून झाल्या असतील तर पुढे वाचा.)

जोरदार कळ चालू असताना दम लागेल असा व्यायाम नको. त्या वेळी नाडी मंदावून, रक्तदाब एकदम पडून चक्कर येऊ शकते. अंग गार, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. असं झालं तर बसू नका, आडव्या व्हा आणि पाय उशीवर घ्या. पाच मिनिटांत बहुतेक सावरतं.

क्रम असा ठेवा. आधी शेक: साधारण ३९-४० अंशांची ऊब, ओटीपोटावर किंवा कमरेवर. चटका बसेल इतका गरम शेक जास्त गुणकारी नसतो, त्याने फक्त कातडीवर जाळीदार काळपट डाग पडतात. सतत ऊब देणाऱ्या पट्टीने आयब्युप्रोफेनच्या तोडीचा आराम मिळाल्याचं चाचणीत दिसलंय, तेव्हा शेकाला घरगुती म्हणून कमी लेखू नका. शेक चालू असतानाच मोशरबाईंचा पोटाचा श्वास, पाच मिनिटं. मग मार्जारासन आणि गुडघे छातीशी. बरं वाटलं तर १० ते २० मिनिटं घराजवळच चालणं. नाही वाटलं तर पडून राहा, काही बिघडत नाही.

गोळी घेणार असाल तर ती कळ सहन होईनाशी होईपर्यंत थांबून घेऊ नका. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. आधीच तयार झालेलं परत बाटलीत भरत नाहीत. म्हणून स्राव किंवा दुखणं सुरू होताच पहिली मात्रा. प्रौढांसाठी आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ., काही खाऊन, दर ६ ते ८ तासांनी. डॉक्टरांना न विचारता दिवसाला १२०० मि.ग्रॅ.च्या वर नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, ॲस्पिरिनने वाढणारा दमा, गरोदरपणाची शक्यता, यांत आधी डॉक्टर. पॅरासिटामॉल चालतं, पण या दुखण्यात त्याचा जोर कमी.

आणखी एक, जे क्वचितच सांगितलं जातं: या गोळ्या घेऊन, पाणी न पिता, उन्हात तासभर पळायला जाऊ नये. घाम गाळताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागतात, आणि ते तुम्ही नुकतेच बंद केलेले असतात.

अर्धा शहाणा

पुरुष आयडी आहे, चुकून आलो नाही. व्यायामशाळेत शिकवणाऱ्यांनी काय करावं? मुलगी "आज नको" म्हणाली की सूट द्यावी, की हलकं काही द्यावं? आणि वजनं चालतात का त्या दिवशी?

सांधेदुरुस्ती

चांगला प्रश्न. "आज नको" म्हटलं की कारण विचारू नका, आणि सगळ्यांदेखत तर मुळीच नको. दोन पर्याय ठेवा, हलका किंवा सुट्टी, आणि निवड तिची.

वजनं चालतात, पण श्वास कोंडून नको. श्वास रोखून जोर लावला की पोटातला दाब वाढतो आणि तो थेट ओटीपोटावर येतो. उचलताना श्वास सोडायचा. पहिल्या दिवशी नेहमीच्या वजनाच्या निम्मं, फेरे तितकेच. पोटाचे उठाव, पाय उचलणं, फळीसारखं ताठ धरून राहणं हे पहिले दोन दिवस बाजूला ठेवा. धोका म्हणून नव्हे, आधीच आवळलेल्या जागी आणखी आवळून काही मिळत नाही म्हणून. सायकल असेल तर आसनाचा दाब खुपतो, सीट किंचित मऊ घ्या किंवा त्या दिवशी चालणं बरं.

जुई_वेल

'आवळणं' निघालंच आहे तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंबद्दल. लघवी रोखल्यासारखं आवळायचा व्यायाम सरसकट सगळ्यांना सांगतात. पण वर्षानुवर्षं दुखऱ्या पाळ्या काढलेल्या बऱ्याच जणींचे हे स्नायू सैल नसतात, उलट सतत ताठ असतात. त्यांना आवळायला सांगणं म्हणजे मूठ वळलेल्या माणसाला आणखी मूठ वळ म्हणणं.

ओळख अशी: लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला जोर करावा लागतो, टॅम्पॉन किंवा कप (पाळीत योनीत घालायची साधनं) घालताना दुखतं, बसल्यावर माकडहाडाशी ठणकतं. असं असेल तर आधी सोडायला शिका. पाठीवर झोपून गुडघे वाकवून बाहेर पडू द्या, दोन्ही बाजूंना उशा. श्वास आत जाताना तो थेट बैठकीच्या हाडांपर्यंत उतरतोय असं समजून खालचा भाग ढिला सोडा. जोर लावून खाली ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. ८ ते १० श्वास, दिवसातून दोनदा. ते जमल्याशिवाय आवळण्याचे व्यायाम नकोत.

खारूताई

मुठीचं उदाहरण वाचून आपोआप दोन्ही मुठी सोडल्या. अवांतर: पोहायचं असेल तर?

जुई_वेल

कप किंवा टॅम्पॉन. कप जास्तीत जास्त १२ तास, टॅम्पॉन ४ ते ८ तास, विसरून ठेवणं धोक्याचं. तांबी बसवलेली असेल तर कप काढताना आधी कडेला बोट घालून हवा शिरू द्या. तसंच ओढलं तर तांबी सरकू शकते.

लंगडी

एवढा काथ्याकूट कशाला? जोरात व्यायाम करणाऱ्या खेळाडूंच्या पाळ्या हलक्या होतात, कधी बंदच होतात. दुखणार कुठून?

रात्रपाळी

लंगडी, इथे ठाम विरोध. ते दुखणं बरं होणं नव्हे, तो इशारा आहे. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी बीज सोडणं थांबवतं. बीज नाही तर पाळी नाही आणि कळाही नाहीत, हे खरं. पण इस्ट्रोजेनही खाली जातं, हाडं विरळ होतात आणि नडगी-पावलांची हाडं ताणाने तडकू लागतात. सलग तीन महिने पाळी आली नाही तर गरोदरपण तपासून डॉक्टरांकडे जावं, मग बाई खेळाडू असो वा नसो.

आता धाग्याचा तिसरा प्रश्न, जो सगळे विसरले.

वर लिहिलेलं सगळं ज्यात दुसरा आजार नाही अशा दुखण्याला लागू आहे. ते साधारण पहिल्या पाळीनंतर सहा महिने ते वर्षभरात, बीज नियमित सुटू लागलं की सुरू होतं, स्रावाच्या थोडं आधी किंवा सोबत येतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. दर महिन्याला जवळपास तसंच असतं.

याहून वेगळं काही असेल तर व्यायामाची परीक्षा घेत बसू नका: आधी न दुखणारी पाळी पंचविशी-तिशीनंतर दुखू लागली, दर महिन्याला वाढतंय, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, संबंधांच्या वेळी खोलवर दुखतं, पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखतं, तासा-दोन तासाला पॅड भिजतो, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांपेक्षा जास्त स्राव राहतो. एंडोमेट्रिओसिस, ॲडिनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) यांची ही दारं आहेत. तांब्याच्या तांबीनेही दुखणं आणि स्राव वाढतो, ती कधी बसवली ते डॉक्टरांना सांगा. गोळ्या नीट वेळेवर घेऊन, किंवा हार्मोनचे उपचार तीन ते सहा महिने करूनही फरक नसेल तरी तपासणी हवीच, मुलगी सोळा वर्षांची असली तरी. "लग्न झालं की थांबेल" ही तपासणी नव्हे.

ताप, दुर्गंधी असलेला स्राव, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला अचानक तीव्र दुखणं: हे त्याच दिवशी दाखवायचं.

आणि स्राव खूप असणाऱ्यांना चालताना विनाकारण धाप लागत असेल तर दम वाढवण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२च्या खाली असताना सांधेदुरुस्तींचा तक्ता पाळायला जाल तर दोष तक्त्याला द्याल.

लंगडी

माझं वाक्य मागे घेते. हाडांचं लक्षात आलं नव्हतं.

अर्धा शहाणा

धाग्यावर कुणी वाक्य मागे घेतल्याची ही पहिलीच नोंद असावी. संपादकांनी जतन करावं. (ह. घ्या.)

मोजपट्टी

डॉक्टरांकडे जा किंवा न जा, नोंद ठेवा. आठवण फसवी असते. शेवटच्या पाळीचं दुखणं नेहमीच सगळ्यात वाईट वाटतं. वहीत रोज एक ओळ पुरते: चक्राचा दिवस (स्राव सुरू झाला तो पहिला), दुखणं ० ते १०, किती गोळ्या, किती पॅड, व्यायामाची मिनिटं. दुखणं रोज एकाच वेळी लिहा, सकाळी एकदा आणि रात्री एकदा असं मिसळू नका.

तुलना करताना एकच आकडा काढा: पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांची बेरीज. आधी व्यायाम न करता एका चक्राची बेरीज, मग व्यायाम सुरू केल्यावरच्या तिसऱ्या चक्राची. गोळ्यांची संख्याही शेजारी हवी. बेरीज तीच राहिली पण गोळ्या सहावरून दोनवर आल्या, तरी गुण आलाच म्हणायचा.

तिरपा डोळा

एका चक्रावर पाया रचू नका, दोन घ्या. पाळ्या मुळातच खाली-वर होतात. माणूस उपाय सुरू करतो तो सगळ्यात वाईट महिन्यानंतर, आणि त्यानंतरचा महिना काही न करताही थोडा बराच असतो.

मोजपट्टी

दोन घ्या. मान्य.

गवतफूल

सगळ्यांचे आभार. वर लिहिलेलं माझं मत मी दुरुस्त करते. पहिल्या दिवशी व्यायाम चुकला तर काही बुडत नाही. मधले तीन आठवडे चुकले तर बुडतं. पहिल्या दिवसासाठी शेक, श्वास, हलकी हालचाल आणि लागली तर वेळेवर गोळी.

एक शंका उरली. अनियमित पाळी असणाऱ्यांनी 'उत्तरार्ध' कसा ओळखायचा? सूर्यनमस्कारी यांची तीन आसनं त्याच काळात करायची आहेत ना?

सूर्यनमस्कारी

चाचणीत तसं होतं, पण महिनाभर केल्याने नुकसान काही नाही. तारखांचा घोळ असेल तर चालण्याच्या तीन दिवसांनाच जोडून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. पाळी कधीही आली तरी तयारी झालेली असते.

वाऱ्यावरची

आणि भिंत तर रोज घरातच असते.

खारूताई

मग धाग्याच्या शीर्षकातलं 'पहिल्या दिवशी' काढून 'बाकीचे सत्तावीस दिवस' करा की.

गवतफूल

प्रतिसाद आल्यावर शीर्षक बदलता येत नाही इथे, संपादकांना निरोप टाकलाय. तोवर वरचे १५ मिनिटांपासून ४५ मिनिटांपर्यंतचे सात आठवडे वहीत लिहून घेते.